गिरणीतली भेटवही

माझ्या अहवालात एकही चूक नव्हती, हे आधीच सांगून टाकते. नोंदी दोनदा तपासल्या होत्या, तळटिपा जागच्या जागी होत्या आणि कुणाचं म्हणून नाव त्यात घेतलेलं नव्हतं. त्याच अहवालापायी आमच्या गल्लीतल्या वहिनीचा उजवा कान गेला. पहिली गोष्ट मी बायोडेटात लिहिते. दुसरी आजवर कुठेच लिहिली नव्हती, म्हणून आज लिहायला बसलेय. नावं इथेही घेणार नाही, पण या वेळी कारण वेगळं आहे. ज्यांची घ्यायची, त्यांच्यापुढे मान वर करून उभं राहायची माझी हिंमत नाही.

घाटकोपरला डोंगराच्या अंगावर वस्ती चढत गेलीय, तिथे आमची खोली. खाली रिक्षा स्टँड, तिथून वर पायऱ्या. एकशे बारा. लहानपणापासून मोजतेय, चुकायचं कारण नाही. पायऱ्या संपल्या की डाव्या हाताला पिठाची गिरणी, गिरणीच्या बरोबर समोर वहिनीचं दार, आणि दोन दारं सोडून आमचं. सिलिंडर असो नाहीतर नवी नवरी असो, वर यायचं तर पायीच. पोलिसांची मोटारसायकलसुद्धा खालीच थांबते. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी नववीत होते. तिचा नवरा विक्रोळीला एका गोदामात कामाला. दिसायला साधा, बोलायला गोड, आणि संध्याकाळी घरी आला की हात उचलणारा. दारूबिरू काही नाही हं, उगाच दारूवर ढकलायला नको. भाजीत मीठ जास्त झालं, फोन उशिरा उचलला, माहेरचं कुणी आलं, त्याला काहीही पुरायचं. सातला तो यायचा, नऊला जेवून टीव्हीसमोर आडवा व्हायचा. मधले दोन तास धोक्याचे. आमच्या भिंती त्या काय, एकेरी विटांच्या. सगळ्या गल्लीला ऐकू यायचं. मग कुणी कुकर लावायचं, कुणी टीव्हीचा आवाज वाढवायचं. आम्हीही वाढवायचो. खोटं कशाला बोलू?

मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला गेले, त्या सुमारास तो आवाज बंद झाला. मला वाटलं, सुधारला बाबा एकदाचा. वय झालं की माणूस निवतो, असं मी कॉलेजात एका मैत्रिणीला मोठ्या शहाणपणाने सांगितल्याचंही आठवतंय. काय पण अक्कल! त्याचं वय पस्तीस.

शेवटच्या वर्षाला मला फेलोशिप मिळाली. पोलीस गस्त आणि सार्वजनिक सुरक्षितता असा विषय. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी उपनगरातला एकेक भाग घ्यायचा, तिथली गस्त कशी चालते ते बघायचं, अहवाल लिहायचा आणि शेवटी तो पोलीस अधिकाऱ्यांसमोर मांडायचा. आमच्या गल्लीतून कायद्याला गेलेली मी पहिलीच. आईने गिरणीवाल्या काकांपासून खालच्या रिक्षावाल्यांपर्यंत एकालाही सोडलं नाही. "आमचा चेडू आता पोलिसांची परीक्षा घेता," असं सांगत सुटली होती. आम्ही मूळचे मालवणकडचे. आजोबा गिरणीत होते, म्हणजे कापडाच्या. आईचं मालवणी मुंबईत जन्मूनही सुटलेलं नाही, आणि आनंदात किंवा रागात असली की मराठी पार बाजूला पडतं.

बाकीच्यांनी अंधेरी, बोरिवली, मुलुंड असे सपाट, सोयीचे भाग उचलले. पायऱ्या चढायला कोण तयार होतंय? मी म्हटलं, मला आमचाच डोंगर द्या. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी चष्म्यावरून बघितलं.

"स्वतःचाच भाग घेतेस? मग एक पथ्य पाळ. घरच्यांना, शेजाऱ्यांना काही विचारायचं नाही. त्यांचा हितसंबंध येतो. कागद तपास, स्वतः निरीक्षण कर, मुलाखती अनोळखी माणसांच्या घे."

मला हे एकदम पटलं. पुराव्याच्या कायद्यात आम्हाला हितसंबंधी साक्षीदार शिकवतात. निकाल कुठल्या बाजूने लागावा याच्याशी ज्याचा संबंध आहे, असा साक्षीदार. त्याची साक्ष जपून तपासा, एवढंच कायदा म्हणतो. टाकून द्या, असं म्हणत नाही. परीक्षेत हा फरक मी दीड पान लिहिला होता आणि पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. प्रत्यक्षात मात्र मी आमच्या अख्ख्या गल्लीची साक्ष टाकून दिली. सुरुवात आईपासून.

मग उरला कागद. आणि कागद होता गिरणीत.

गिरणीच्या दाराजवळ खिळ्याला सुतळीने एक वही टांगलेली असायची. पोलिसांची भेटवही. बीटवरच्या, म्हणजे त्या भागाच्या गस्तीवरच्या पोलिसाने दिवसातून चार वेळा यायचं, तारीख-वेळ टाकून तिच्यात सही करायची, म्हणजे गस्त झाल्याचा पुरावा. पिठाने तिची पानं कायम पांढुरकी असायची. मी लहानपणापासून ती बघत आलेय, पण उघडून कधी बघितली नव्हती. त्या दिवशी उघडली आणि पहिल्याच पानावर माझे डोळे चमकले. सकाळी दहा, दुपारी एक, चार आणि नऊ. चारही सह्या एकाच पेनाच्या, एकाच झोकात मारलेल्या. पान उलटलं. तेच. आणखी मागे गेले. महिनेच्या महिने तेच.

आईशप्पथ सांगते, मला आनंद झाला. गिरणीत उभ्या उभ्या उडी मारायची तेवढी बाकी होती. असा आयता पुरावा कुणाच्या हातात पडतो का? मोबाइलवर मी पानामागून पान फोटो काढत सुटले. काका दळता दळता म्हणाले, "कशाक गो?" मी म्हटलं, "अभ्यासाला." "बरा," म्हणाले, आणि पुढचा डबा ओतला.

सह्या ज्यांच्या होत्या ते हवालदार पन्नाशीचे, पोट सुटलेले, साताऱ्याकडचे. गुडघे दुखायचे त्यांचे. सातच्या आत वर यायचे, मध्ये दोनदा थांबून दम खायचे. गिरणीबाहेर एक लाकडी बाक आहे, त्यावर बसायचे, टोपी मांडीवर. काका त्यांच्या हातावर मूठभर चणे ठेवायचे. नऊपर्यंत ते तिथेच. फारसं कुणाशी बोलणं नाही. समोर वहिनी उंबऱ्यात बसून काहीतरी निवडत असायची, तिच्याशी तर एक शब्द नाही. तिचा नवरा पायऱ्या चढून आला की "काय, आलात?" एवढंच विचारायचे. तो "हो साहेब" म्हणायचा आणि मान खाली घालून आत जायचा. नऊला हवालदार उठायचे, वहीत चारही सह्या ठोकायचे आणि गुडघ्यावर हात ठेवत उतरायचे.

दोन आठवडे मी आमच्या दारात बसून हे सगळं टिपलं. तक्ता केला होता मी, रकाने पाडून. नागरिकांशी संवाद, तक्रारींची दखल, बीटमध्ये फिरणं. सगळीकडे शून्य. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, कर्मचारी एकाच जागी निष्क्रिय बसून राहतो. ते वाक्य मला फार आवडलं होतं. निष्क्रिय हा शब्द मी दोनदा खोडून पुन्हा तोच घातला होता.

आता डोळे मिटले की त्या दोन आठवड्यांतली प्रत्येक संध्याकाळ दिसते. तो यायचा, बाकाकडे बघायचा, आवाज खाली ठेवून आत जायचा. वहिनी उंबऱ्यात बसलेली, भीती नाही, घाई नाही, मेथीची एकेक काडी सावकाश मोडतेय. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. पण माझ्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता, त्याला मी काय करणार? असं मी पूर्वी म्हणायचे. आता म्हणत नाही. रकाने मीच पाडले होते.

हवालदारांना मी विचारलं नाही असं नाही हं. ते अनोळखी म्हणून चालण्यासारखे होते. फॉर्म घेऊन गेले, रीतसर. "सह्या एकदम का करता?"

ते हसले. "वकीलबाई, चार टायमाला ह्या पायऱ्या चढलो तर बीट बघायला मी उरंन का? एकदाच येतो. पण येतो की."

"मग दोन तास इथे बसून काय करता?"

त्यांनी समोर बघितलं. वहिनी दारातच होती. मग टोपी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "बसतो," म्हणाले. "नुसतं बसायचं असतंय कधीकधी."

मी लिहिलं, समाधानकारक उत्तर नाही.

त्याच संध्याकाळी आई भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "काय गो, त्यांच्याबद्दल काय लिवतंस एवढा?" मी ताठ्याने म्हटलं, "आई, तुला काही विचारायची मला परवानगी नाही. तू हितसंबंधी." आईला तो शब्द कळला नाही, पण हसली. "बरा. नको इचारू," म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली. तिला सांगायचं होतं. मी तिला तोंड उघडू दिलं नाही.

अहवाल मांडायचा कार्यक्रम वांद्र्याला होता, एका गारेगार सभागृहात. मी कॉटनची साडी नेसून गेले होते. पडद्यावर भेटवहीचं पान लावलं, सही तेवढी काळी करून. चार वेळा आणि चारही नोंदी एका बैठकीत, असं मी म्हटल्यावर हशा पिकला. मला तो हशा अजून ऐकू येतो. छाती फुगली माझी. पुढे शिफारस केली: भेटवह्या बंद करा, जागोजागी क्यूआर कोड लावा, पोलिसाने मोबाइलवर स्कॅन केलं की वेळ आपोआप नोंदली जाईल, खोटेपणाला जागाच उरणार नाही. टाळ्या पडल्या.

पहिल्या रांगेतल्या एका मोठ्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "ही गिरणी कुठली म्हणायची?"

माणसाचं नाव नाही आणि जागेचंही नाही, या अटीवर मी सही केली होती. मॅडम बाजूलाच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, नको म्हणून. मला दिसली. स्वच्छ दिसली. पण साहेब माझ्याशी बोलत होते ना, माझ्याशी! मी म्हटलं, "आमच्याच इथली सर. घाटकोपरला डोंगरावर. पायऱ्या संपल्या की डावीकडे."

नाव मी घेतलं नाही. पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला हेच ऐकवत होते, की नाव कुठे घेतलं मी? अगं बये, त्या पायऱ्यांच्या डोक्यावर गिरणी एक, वही एक, हवालदार एक. नाव घ्यायला शिल्लक काय ठेवलं होतंस?

पंधरा दिवसांत हवालदार यायचे बंद झाले. त्यांच्यावर चौकशी बसली आणि बीटवरून काढून त्यांना बंदोबस्ताच्या ड्युटीवर टाकलं, असं काकांना कुणीतरी सांगितलं. मग एक दिवस मोटारसायकलवरून एक तरणा पोलीस आला आणि क्यूआर कोडचं स्टिकर लावून गेला. कुठे लावलं असेल? खाली, रिक्षा स्टँडच्या भिंतीवर. मोटारसायकल तिथवरच येते ना! आता दिवसातून चार वेळा, अगदी वेळेवर, गाडी यायची, इंजिन चालू ठेवूनच स्कॅन व्हायचं आणि गाडी पुढे. नोंदी बघाल तर झकास, एक चुकलेली सापडणार नाही. एकशे बारा पायऱ्या चढायची मात्र कुणाला गरज उरली नाही.

काकांनी खिळ्यावरची वही काढली आणि माझ्या हातात दिली. "तुझ्या अभ्यासाक," म्हणाले. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच वाटलं असणार की मला उपयोगी पडेल.

आठवडाभर काही झालं नाही. मग एका संध्याकाळी वहिनीच्या घरातून ताट आपटल्याचा आवाज आला. आईने एकदम मान वर केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा काहीतरी पडलं, आणि पडल्यानंतर वहिनीचा आवाज, दाबलेला. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती. मी कानांत हेडफोन घातले.

तो गुरुवार होता. मी अंधेरीला कॉलेजच्या लायब्ररीत होते, साडेआठच्या सुमारास आईचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाली आणि हॉस्पिटलचं नाव सांगितलं.  पोचले तेव्हा वहिनी बाकड्यावर बसली होती, ओढणी कानावर दाबून. ओढणी भिजलेली. डॉक्टर विचारत होते तर ती सांगत होती, "नुसती थोबाडीत मारली हो, बाकी काही नाही." जसं काही त्याची बाजू मांडतेय. कानाचा पडदा फाटला होता. पुढे तो पिकला, चिघळला, दोन-तीन महिने औषधं झाली. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की या कानाने आता ऐकू येणार नाही.

त्या गुरुवारी रात्री तिला तिच्या बहिणीकडे सोडून आम्ही दोघी परतलो. साधारण साठाव्या पायरीवर आई खालीच बसली. मला वाटलं दम लागला. मी पाण्याची बाटली पुढे केली, तर तिने ती बाजूला सारली.

"तुका म्हायत आसा, ते हवालदार कित्याक बसत?"

 त्या क्षणाला मला कळलं. आईशप्पथ, ती पुढचं सांगायच्या आधीच सगळं कळलं.

आईने सांगितलं ते असं. दोन-तीन वर्षांमागे वहिनी एकटीच पोलीस ठाण्यात गेली होती. तिथे तिची तक्रार एनसी म्हणून लिहून घेतली, म्हणजे अदखलपात्र. ज्यात पोलीस पुढे सहसा काही करत नाहीत, तसला कागद. नवऱ्याला बोलावू नका, तो घरी आल्यावर मला सोडणार नाही, असं ती हातापाया पडून सांगत होती. लिहून घेणारे होते हेच हवालदार. कागद तिच्या हातात देत त्यांनी विचारलं, "ताई, तो घरी कितीला येतो?" ती म्हणाली, सातला. "मग सातला मी येतो," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून आले. पोलीस दारासमोर बसलेला असताना घरात हात उचलायची त्याची छाती झाली नाही. दोन तास गेले की जेवून झोपायचा. रोजचे ते दोन तास, एवढंच त्यांनी तिला काढून दिलं होतं.

"सगळ्यांका ठावक होता," आई म्हणाली. "गल्लीतल्या एकेक बायकेक ठावक होता. तोंडातून कोणी काढूक नाय, त्याच्या कानार जाऊ नये म्हणान."

"मग मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलेच.

"तू इचारलंस?" आईने माझ्याकडे बघितलं. "तुका माका इचारूची परवानगी नाय होती मा?"

ती उठली आणि एकटीच वर चढायला लागली. बाटली माझ्या हातात तशीच राहिली. हवालदार कसे गेले, ते आईने मला कधी विचारलं नाही. तिला कुणी सांगायची गरजही नव्हती.

परीक्षा संपल्यावर मी हवालदारांना शोधून काढलं. मुलुंडला एका मैदानाच्या गेटवर बंदोबस्ताला होते, बॅरिकेडशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर. मला बघून उठले. माझ्यासाठी उठले ते! मी पाठ करून गेले होते काय बोलायचं ते, पण सगळं विसरले. "माझ्यामुळे झालं हो काका," म्हणून रडायलाच लागले.

"रडताय काय वकीलबाई," ते म्हणाले, "तुमी लिवलं ते खरंच होतं की. सह्या खोट्याच होत्या माझ्या."

"पण चौकशीत तुम्ही सांगितलं का नाही, कशासाठी बसत होता ते?"

"सांगितलं असतं तर ते कागदावर आलं असतं. आमचा कागद फिरतो, वकीलबाई. बाई आधी ठाण्यात आलती, हे तिच्या मालकाला कळलं असतं. मग?" त्यांनी टोपी सारखी केली. "माझं काय, चार वर्षं राहिलीत नोकरीची. हिथं बसायचं का तिथं बसायचं."

म्हणजे नाव त्यांनीही घेतलं नव्हतं. त्यापायी त्यांची पगारवाढ रोखली गेली आणि सेवापुस्तकात शेरा आला, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं.

निघताना त्यांनी विचारलं, "बरी हाय का ती?"

मी म्हटलं, "बरी आहे."

खोटं बोलले. त्यांना वाईट वाटेल म्हणून नव्हे. माझ्याकडे ते कसे बघतील, या भीतीने बोलले.

वहिनी बहिणीकडे महिनाभर राहिली आणि परत आली. तिला दोन मुली आहेत, त्यांची शाळा इथे. मी तिच्यासमोर सगळे कायदे मांडले. संरक्षणाचा आदेश, पोटगी, घरात राहायचा हक्क, पोलिसांच्या मदतीचा एकशेबारा नंबर. ती शांतपणे ऐकत होती, डावा कान माझ्याकडे करून. मग म्हणाली, "कागद एकदा करून बघितला गं. कागदाने नाही काही झालं, ते येऊन बसायचे त्याने झालं." आणि मग म्हणाली, "तू आता वकील झालीस. त्यांना परत इकडे आणता येतं का बघ ना. गल्लीतल्या सगळ्या सह्या देतील. तू नुसता अर्ज लिहून दे."

ते माझ्यामुळे गेले, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. अजूनही नाही.

मी अर्ज लिहिला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला मसुदा असेल. मारहाणीचा त्यात उल्लेख नाही, वहिनीचं नाव वेगळं कुठे नाही. वस्तीत संध्याकाळी सात ते नऊ या वेळात पूर्वीप्रमाणे पोलीस हजर असावा, पायऱ्यांमुळे वाहन वर येत नाही, तरी पूर्वीच्याच कर्मचाऱ्याची नेमणूक व्हावी, असं सगळं रीतसर. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांनी सह्या केल्या. आईने केली. काकांनी पिठाच्या हाताने केली. वहिनीने सगळ्यात शेवटी केली, मधल्या एका मोकळ्या जागेत, कुणाच्या डोळ्यात येऊ नये अशी.

दीडेक महिन्याने उत्तर आलं. पाकीट माझ्या पत्त्यावर आलं होतं, पण बायका म्हणाल्या, सगळ्यांसमोर वाच. संध्याकाळची वेळ, सात वाजून गेलेले. गिरणी चालू होती, काकांनी ती बंद केली. मी बाहेरच्या बाकावर बसले. वहिनी आपल्या उंबऱ्यातून उठून माझ्या शेजारी आली, मेथीची जुडी तशीच मांडीवर घेऊन.

पत्र अर्ध्या पानाचं होतं. सदर ठिकाणी गस्त नियमित सुरू आहे. दिवसातून चार वेळा नोंद होत आहे. सबब वेगळ्या नेमणुकीची आवश्यकता दिसून येत नाही. इथवर मी धडाधड वाचत गेले. पुढचं वाक्य डोळ्यांना आधी दिसलं.

पूर्वीच्या भेटवही पद्धतीत कर्मचारी एकाच जागी निष्क्रिय बसून राहतो व त्यामुळे सार्वजनिक सुरक्षिततेस कोणताही हातभार लागत नाही, असे एका अभ्यासात आढळून आले आहे.

शब्दन् शब्द माझं होतं ते. मी वाचलं, तोंडातल्या तोंडात, भरभर.

"काय म्हणालीस?" वहिनीने विचारलं. मी तिच्या उजव्या बाजूला बसले होते. ती उठून दुसऱ्या बाजूला आली, डावा कान माझ्या तोंडाजवळ आणला. "ते शेवटचं परत वाच ना. नीट मोठ्याने वाच."

मी परत वाचलं. मोठ्याने. एकेक शब्द. निष्क्रिय या शब्दाशी अडखळले, तिने तो पुन्हा म्हणायला लावला आणि अर्थ विचारला. मी सांगितला, काहीच न करणारा.

 आई माझ्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. वहिनी हसली, कडू नाही, साधंच.

"कोण गं लिहितं हे असलं?" ती म्हणाली. "त्याला एकदा इथे आणून बसवायला पाहिजे. या बाकावर. सात ते नऊ."

मी त्याच बाकावर बसले होते. पत्राची घडी घातली, ती नीट बसली नाही, परत उलगडून घातली. बोल आता, बोल, असं मी स्वतःला म्हणत होते. तेवढ्यात पायऱ्यांवर चपला वाजल्या. तिचा नवरा वर आला, बाकाकडे बघितलं, बायकांवरून नजर फिरवली आणि आत गेला. वहिनीने सांडलेली पानं गोळा केली, जुडी उचलली आणि त्याच्या मागोमाग आत जाऊन दार लावून घेतलं.